गरुडाला कुणी विचारलं?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडाखाली चहाचा गाडा. नुकती एक सर येऊन गेलेली, पानांवरून थेंब अजून टपटपत होते आणि गाड्यावरचा पत्रा मधूनच वाजत होता. बाकावर दोन पोरं. इंजिनिअरिंगची असावीत, एकाच्या सॅकला ड्रॅगनचा बिल्ला लटकत होता. दोघांत मिळून भडंगाची एक पुडी, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचा वाद असा पेटलेला की पुडीतला तळलेला लसूण कोण संपवतोय याचं भान दोघांनाही नाही. "आरं लगा, अंगठी घ्यायची, गरुडावर बसायचं, त्या डोंगरात टाकायची आणि संध्याकाळी घरी. त्यासाठी तीन-तीन पिच्चर कशाला?" "तसं नाय भावा, त्या डोळ्याला दिसलं असतं की." "दिसू दे! गरुडाचा स्पीड बघ की." हा वाद जगभर हजारदा झालेला आहे. पलीकडे एक टोपीवाले आजोबा बशीत चहा ओतून फुंकर मारत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरांनो, त्या गरुडाला इचारलं का कुणी?" पोरं हसली. "आजोबा, तुम्ही पिच्चर बघितलाय?" "न्हाई. पर गरुड म्हंजे काय वडाप हाय व्हय रं? हात केला की थांबायला?"

गंमत अशी, की सिनेमा न पाहिलेल्या त्या आजोबांचा प्रश्न तीन भाग पाठ असलेल्या त्या दोघांपेक्षा मूळ पुस्तकाच्या जास्त जवळ होता.

टोल्किनच्या पुस्तकात जादूगार गॅन्डाल्फला मनोऱ्यावरून सोडवायला ग्वाइहिर नावाचा महागरुड येतो. गॅन्डाल्फ विचारतो, मला किती लांब नेशील? गरुड म्हणतो, बराच लांब, पण पृथ्वीच्या टोकापर्यंत नाही. मला निरोप पोचवायला पाठवलंय, ओझी वाहायला नाही. हा संवाद सिनेमात नाही. तिथे गॅन्डाल्फ मनोऱ्यावरून उडी टाकतो, गरुड त्याला झेलतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात ही सोय कायमची उपलब्ध असल्याचा समज पक्का होतो. त्याआधीच्या 'हॉबिट'मध्ये तर गरुड स्पष्ट सांगतात की माणसांच्या वस्तीजवळ आम्ही तुम्हाला सोडणार नाही. आम्ही मेंढरं उचलायला आलो असं समजून ते धनुष्यं रोखतात. मेंढपाळ आणि गरुड यांचं हे वैर सातारा-सांगलीच्या माळावर राहणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९५८ मध्ये एका चित्रपटाची संहिता टोल्किनच्या हातात आली. तिच्यात ऊठसूट गरुड उडवलेले पाहून तो वैतागला, आणि गरुड हे धोक्याचं यंत्र आहे, मी ते जपून वापरलंय, अशा अर्थाचं त्यानं पत्रात लिहिलं. म्हणजे फट कुठे पडू शकते हे लेखकाला पुरतं ठाऊक होतं. त्यानं बुजवली होती, पण ती बुजवलेली जागा सिनेमाच्या कात्रीत गेली.

आपल्याकडे अशा गोष्टीला सरसकट 'लोचा' म्हणतात. 'स्टोरी गंडलीय', 'लॉजिक नाय', फारच अभ्यासू असेल तर 'प्लॉट होल'. पण सगळे लोचे एका जातीचे नसतात आणि निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. नायक अंधाऱ्या तळघरात एकटा उतरला, हा लोचा नाही, तो गाढवपणा आहे. गाढवं गोष्टीत असायचीच. ड्रॅगन एवढं वजन घेऊन उडतो कसा, हाही लोचा नाही. तो गोष्टीचा प्रवेश परवाना आहे, दारातच फाडलेला. खरं भगदाड पडतं ते गोष्टीनं स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला तर, किंवा आपल्याच जगातली एखादी साधी वस्तू तिनं चुकीची वापरली तर. दुसऱ्या प्रकारचं सगळ्यात नेटकं उदाहरण गोल्डिंगच्या १९५४ च्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीतलं आहे. बेटावर अडकलेली पोरं पिगीच्या चष्म्यानं ऊन एकवटून जाळ करतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही. लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्याची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, ती ऊन पसरवते. घरात वजा नंबरचा चष्मा असेल तर छापील कागदावर धरून थोडा वर उचलून बघा, अक्षरं बारीक होतील. त्या काचेनं कागद जन्मात पेटणार नाही. अक्षरं मोठी करणारा आजीचा वाचायचा चष्मा असता, तर पेटला असता. भर दुपारी गच्चीवर भिंगानं वाळलेलं पान जाळलेल्या कुठल्याही पोराला हे कळतं, आणि नोबेल मिळालेल्या लेखकाला ते सुचलं नाही याचा त्या पोराला जो आनंद होतो, तो निर्मळ असतो असं काही म्हणवत नाही.

शहाणी माणसं भांडायच्या आधी कोष्टक मांडतात. एका उभ्या ओळीत तारीख, दुसरीत कोण कुठे, तिसरीत कुणाला काय माहीत होतं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी भरली जाणारी, कारण वाचकाला जे माहीत असतं ते पात्रालाही माहीत असेल असं आपण नकळत धरून चालतो. मग पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. त्यातही आवृत्ती कितवी ते बघायचं. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात खलनायकाच्या जादूच्या छडीतून तिनं मारलेल्यांच्या सावल्या उलट क्रमानं बाहेर येतात. २००० सालच्या पहिल्या छपाईत हॅरीच्या आईच्या आधी वडील आले. मेले होते वडील आधी, म्हणजे बाहेर यायला हवी होती आई आधी. पुढच्या छपाईत ते दुरुस्त झालं, पण जुनी प्रत हातात असलेला आणि नवी प्रत वाचलेला असे दोघे समोरासमोर आले, की दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. टोल्किनचं कोष्टक मात्र कुणी मांडायला जावं आणि थक्क व्हावं असं आहे. अंगठीचं काय करायचं ते ठरवणारी रिव्हेन्डेलची सभा २५ ऑक्टोबरला, प्रस्थान २५ डिसेंबरला, अंगठीचा नाश २५ मार्चला. एकाच रात्री शेकडो कोसांवर असलेल्या दोन टोळ्यांना चंद्र सारखाच दिसला पाहिजे, म्हणून चंद्राच्या कला त्यानं १९४२ सालच्या खऱ्या चंद्राशी जुळवून घेतल्या होत्या.

आणि याच माणसाच्या पुस्तकात एकेकाळी केवढं तरी भगदाड होतं.

१९३७ च्या 'हॉबिट'मध्ये गुहेत राहणारा गॉलम नायक बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठीच बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर ती सापडत नाही म्हणून चक्क माफी मागतो. पुढच्या ग्रंथात तीच अंगठी सगळ्यांचा जीव पोखरणारी ठरली. जो तिच्यासाठी खून करेल तो पैजेवर कसा लावेल? टोल्किननं ते प्रकरण नव्यानं लिहून १९४७ मध्ये प्रकाशकाकडे नमुना म्हणून पाठवलं, आणि काही वर्षांनी ते थेट छापायच्या मुद्रितांतच त्याच्या समोर आलं. १९५१ च्या आवृत्तीत नवा मजकूर गेला. जुना मजकूर वाचलेल्यांचं काय? तर बिल्बोनं सुरुवातीला सगळ्यांना खोटं सांगितलं होतं, असं पुढच्या ग्रंथात आलं. तो खोटं बोलला, कारण अंगठीनं तेव्हाच त्याच्यावर काम सुरू केलं होतं. फाटलेल्या जागी ठिगळ लावलं आणि ठिगळाचीच नक्षी झाली. हल्ली ज्याला रेटकॉन, म्हणजे मागाहून केलेली सारवासारव, म्हणून नाकं मुरडतात, त्याचा याहून देखणा नमुना दाखवणं अवघड आहे.

पण त्याच लेखकानं एक जागा मुद्दाम उघडी ठेवली. टॉम बॉम्बाडिल. याच्यावर अंगठीचा काही परिणामच होत नाही, ती घालून अदृश्य झालेला नायक फ्रोडोही त्याला दिसतो. मग अंगठी त्यालाच का दिली नाही? सभेत तो प्रश्न निघतो आणि उत्तरही मिळतं: तो ती कुठेतरी टाकून विसरून जाईल. पण हा टॉम आहे कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि ते कोडं आपण जाणूनबुजून ठेवलंय असं टोल्किननं लिहून ठेवलंय. इथे हरिपूरची पेवं आठवल्याशिवाय राहत नाहीत. हळदीची पेवं. जमिनीत वीसेक फूट खाली गेलेला खड्डा, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. कडेनं पाला आणि चटया, वर मातीनं बंद केलेलं तोंड. आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही की काही नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आतली हवा माणसाला मारते; तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं. २००५ च्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. खड्डा तोच. कोरडा होता तोवर तो साठा होता, पाणी शिरल्यावर नुसतं नुकसान उरलं. कथेतल्या खड्ड्यांचंही काहीसं असंच असावं. बॉम्बाडिलला पेव म्हणायचं की भगदाड यावर मात्र सांगलीत दोन माणसांचं एकमत होणार नाही, आणि ज्यांना कंदील न सोडता आत उड्या टाकायची सवय आहे त्यांच्याशी बोलून उपयोग नाही.

विज्ञानकथेच्या वाचकाला एवढी मोकळीक परवडत नाही, तो फूटपट्टी घेऊनच बसलेला असतो. लॅरी निवेननं १९७० मध्ये 'रिंगवर्ल्ड' लिहिली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती बांधलेलं प्रचंड कडं, आतल्या बाजूला वस्ती. पहिल्या आवृत्तीत सुरुवातीलाच घोटाळा: वाढदिवस लांबवण्यासाठी नायक मध्यरात्रीच्या पुढे पुढे पळतो, पण जातो पूर्वेकडे. पूर्वेला तर दिवस आधीच उलटलेला असतो. जायला हवं होतं पश्चिमेला. हे पुढच्या छपाईत सुधारलं. दुसरी चूक छपाईत सुधारण्यासारखी नव्हती. १९७१ मध्ये बॉस्टनला विज्ञानकथावाल्यांचा जागतिक मेळावा भरला, तेव्हा एमआयटीचे विद्यार्थी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणा देत फिरले. जेवणाच्या टेबलावर एक दिवा आणि त्याच्याभोवती बांगडी ठेवून हे समजतं. तारा बरोबर मध्यभागी आहे तोवर सगळ्या बाजूंची ओढ सारखी. कडं केसभर सरकलं की जी बाजू ताऱ्याच्या जवळ आली तिच्यावर ओढ जास्त, म्हणून ती आणखी जवळ येते, म्हणून ओढ आणखी वाढते, आणि शेवटी कडं ताऱ्यावर जाऊन आदळतं. आपण ज्याला फिरतं ठेवलंय ते सावरेल असं वाटतं, पण नुसत्या फिरण्यानं ते सावरत नाही. ग्रहाचं तसं नसतं, तो सुटा असतो, कक्षेत पडतच राहतो. शनीचं कडं अखंड असूच शकत नाही, हे मॅक्सवेलनं १८५९ मध्ये जवळपास याच गणितानं दाखवलं होतं. म्हणजे पोरांनी लेखकाला एकशेबारा वर्षांपूर्वीचं गणित ऐकवलं. निवेननं राग धरला नाही, पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर जागच्या जागी ठेवणारी इंजिनं बसवली, आणि ती कुणीतरी उपटून नेलीत हाच तिचा विषय केला.

कालप्रवास आला की मात्र बहुतेकांची फूटपट्टी हरवते. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकातलं ते वाळूचं घड्याळ, तीनदा फिरवलं की तीन तास मागे. मग खलनायक व्होल्डेमॉर्ट लहान असतानाच का नाही गाठला? विचारणारा विसरतो की त्या पुस्तकात मागे जाऊन एकही गोष्ट बदलत नाही. कुऱ्हाडीचा आवाज पहिल्यांदाही आला होता, तळ्यापलीकडे छडी उगारणारा पहिल्यांदाही तिथेच होता. जे झालं त्यात मागे गेलेल्यांचा हात आधीच धरलेला आहे. नियम घट्ट आहे आणि पुस्तक तो पाळतं. तरी वाचक ऐकेनात, तेव्हा २००३ च्या पाचव्या पुस्तकात जादूच्या मंत्रालयातल्या झटापटीत ती घड्याळं फुटली. फोडायची काही गरज नव्हती असं राहून राहून वाटतं. उत्तर होतंच, नुसतं कुणी वाचत नव्हतं. आणि २०१६ च्या नाटकात तसलंच घड्याळ परत आणून भूतकाळ खरोखर बदलू दिला, तेव्हा पूर्वी नसलेलं भगदाड नव्यानं पाडलं गेलं.

ही खोड परदेशातून आली असं समजणाऱ्यांनी महाभारताचं कोष्टक मांडून बघावं. भीष्म दहाव्या दिवशी पडले. युद्ध अठराव्या दिवशी संपलं, म्हणजे आठ दिवस तिथेच गेले. त्यानंतर शांतिपर्वात कृष्ण त्यांना सांगतो, तुमचे ५६ दिवस उरले. आठ अधिक छप्पन्न, चौसष्ट. आणि अनुशासनपर्वात प्राण सोडायच्या आधी भीष्म म्हणतात, या बाणांवर माझ्या ५८ रात्री गेल्या. सहा दिवस कुठे गेले? टीकाकारांनी छप्पन्नाचा शब्द फोडून बघितला, वेगळा लावून बघितला, घाम गाळला. कीर्तनात कुणी ही शंका काढली तर बुवांनी चिडायचं नसतं, शंका काढणाऱ्याला पुढे बसवायचं असतं. आणि व्यासांनी मधूनमधून अवघड श्लोक घातले, ८,८०० घातले, कशासाठी? तर लिहिणाऱ्या गणपतीला अर्थ लावायला थांबावं लागावं म्हणून. न जुळणाऱ्या जागेला एवढं मानाचं पान क्वचितच कुणी वाढलं असेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या प्रतीत ही गणपतीची गोष्ट मूळ मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. मागाहून कुणीतरी घातलेली. ठिगळच ते. पण सांगलीच्या गणपतीसमोर उभं राहून हे बोलायची हिंमत होत नाही, आणि बोलावंसंही वाटत नाही.

नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत माणसाचं डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटतं. रसायनशास्त्र शिकलेला वाचक लगेच बोट वर करतो: हा जेवला कसा? आपल्या शरीरातली प्रथिनं एका हाताची, म्हणजे डाव्या-उजव्यापैकी एकाच घडणीची, आणि पचणारी साखरही एकाच हाताची. माणूस उलटला तर भाकरीतलं फारसं काही त्याला लागू पडणार नाही. वाससुद्धा बदलतील. शहाजिऱ्यातलं कार्व्होन आणि पहाडी पुदिन्यातलं कार्व्होन ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत, तेव्हा त्याला मसालेभातातून पुदिन्याचा वास यायला हवा. हे बोलताना बोलणाऱ्याचा चेहरा पाहावा. त्यानं कथेला पकडलंय असं त्याला वाटत असतं, आणि कथेनं त्याला स्वयंपाकघरापर्यंत ओढत नेलेलं असतं. दुसऱ्या बाजूला असेही असतात की सिनेमा संपायच्या आत यादी तयार. त्यांच्याबरोबर काही पाहायला बसणं म्हणजे लग्नात पंगतीला बसून मीठ कुठे कमी आहे तेवढंच ऐकत बसणं. त्यांची यादी बहुतेक वेळा बरोबर असते, हे आणखी त्रासाचं.

त्यापेक्षा १९६० च्या दशकात सुरू झालेली मार्व्हलची रीत बरी वाटते. सुरुवातीला कॉमिकमधली चूक कळवणाऱ्याला, पण पुढे ती चूक चूक कशी नाही हे पटवून देणाऱ्यालाच बक्षीस. बक्षीस काय, तर 'यात बिनबक्षिसाचं बक्षीस आहे' असं छापलेला रिकामा लिफाफा. 'स्टार वॉर्स'मधल्या पारसेकचं प्रकरण याच वाटेनं मिटलं. १९७७ च्या सिनेमात हान सोलो बढाई मारतो की अमुक मार्ग बारा पारसेकच्या आत कापला. पारसेक हे अंतर आहे, एक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. सांगली ते पुणे अडीचशे किलोमीटरच्या आत गेलो असं कुणी म्हणावं, तसं ते झालं. ऐकणारा म्हणणार, किती वेळात ते सांग. पण चाहत्यांनी डोकं चालवलं: गडी आडवाटेनं गेला, धोक्याच्या जागेला घासून, अंतरच कमी केलं. २०१८ च्या सिनेमात तेच अधिकृत झालं. मारुतीच्या पारावर बसून 'असंही असंल की' म्हणणाऱ्यांची ही जात. वाद जिंकायचा म्हणून ते बोलत नाहीत; गोष्ट वाचवायची म्हणून बोलतात, मग तिच्यासाठी थोडं खोटं बोलावं लागलं तरी त्यांची तयारी असते.

गाड्यावरचा तो वाद तसा तिथेच संपायचा. पण सॅकवाल्या पोरानं आजोबांना विचारलंच, "मग आपल्या देवाला कसा नेतो ओ गरुड? त्याला तरी कुणी इचारलं?" आजोबांनी बशी पुन्हा उचलली. "इचारलं म्हंजे? करार झालाय की." आणि आदिपर्वातली गोष्ट त्यांनी चार वाक्यांत सांगितली. आई दास्यात, तिला सोडवायला अमृत पाहिजे. गरुडानं ते आणलं, पण स्वतः थेंबही चाखला नाही. विष्णू खूश झाला, वर माग म्हणाला. गरुड म्हणाला, मला तुझ्या वर जागा पाहिजे. मग त्यानंच उलट विष्णूला विचारलं, तूही माग. विष्णू म्हणाला, माझं वाहन हो. "आता वाहन झालं तर खाली, आन् वर तर पाहिजे. मग काय केलं?" आजोबांनी पोरांकडे बघितलं. पोरं गप्प. "झेंड्यावर बसवला! वरबी झालं, खालीबी झालं."

ड्रॅगनच्या बिल्ल्यावाला क्षणभर विचारात पडला. पुडीचा कागद चुरगाळता चुरगाळता म्हणाला, "पण आजोबा, गरुड देवाला घेऊन उडत असताना झेंड्यावर कोण असतंय?"

आजोबांनी गाड्यावाल्याला अजून तीन चहा सांगितले.